दुहेरी बंधाचे स्थान आणि रेणूचे नाव

चार कार्बन अणूंची सरळ साखळी आणि तिच्यात एक दुहेरी बंध, एवढ्या माहितीवरून रेणू निश्चित होत नाही. बंध टोकाला असेल तर तो ब्यूट-१-ईन, मधोमध असेल तर ब्यूट-२-ईन. रेणुसूत्र एकच असले तरी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. असंपृक्त, म्हणजे दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेल्या, हायड्रोकार्बनचे नाव वाचून कोणालाही नेमकी एकच रचना रेखाटता यावी, या आग्रहातूनच नामकरणाचे नियम घडले आहेत.

हायड्रोजन कमी होत जाईल तसा नावाच्या प्रत्ययातील स्वर इंग्रजी वर्णक्रमाने बदलावा, ही सूचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६६ मध्ये केली. १८९२ च्या जिनिव्हा परिषदेने पद्धतशीर नामकरणाचा पाया घातला आणि आज ते काम आययूपीएसी ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था पाहते. अल्केन, अल्कीन आणि अल्काइन यांचे शेवट अनुक्रमे एकेरी, दुहेरी आणि तिहेरी बंध सुचवतात.

खरा कस लागतो तो क्रमांक देताना. पाच कार्बनांच्या साखळीत एका टोकाजवळ दुहेरी बंध आणि दुसऱ्या टोकाजवळ मिथाइल (एका कार्बनाची) शाखा असेल, तर मोजणी बंधाच्या बाजूने सुरू होते. म्हणून ४-मिथाइलपेंट-२-ईन हे नाव बरोबर आणि २-मिथाइलपेंट-३-ईन चूक. हा मान मला रास्त वाटतो, कारण अशा रेणूच्या बहुतेक अभिक्रिया त्या बंधापाशीच घडतात. दुहेरी आणि तिहेरी बंध एकत्र आले, तर दोन्ही स्थानांकांचा (बंधांच्या जागा दाखवणाऱ्या अंकांचा) संच लहानात लहान ठेवतात, मग १ हा अंक तिहेरी बंधाला मिळाला तरी चालते: पेंट-३-ईन-१-आइन. दोन्हीकडून मोजून संच सारखाच येत असेल, तरच दुहेरी बंधाला झुकते माप मिळते, जसे पेंट-१-ईन-४-आइन.

एवढे करूनही ब्यूट-२-ईन हे नाव अपुरेच राहते. दुहेरी बंधाभोवती अणुगट मोकळेपणाने फिरू शकत नाहीत, त्यामुळे दोन्ही मिथाइल गट बंधाच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हेही सांगावे लागते. एका बाजूच्या रचनेला 'झेड' आणि विरुद्ध बाजूंच्या रचनेला 'ई' हे अक्षर जोडतात. पहिली सुमारे ४ अंश सेल्सिअसला उकळते, तर दुसरी १ अंशाच्या आसपास.

मूळ साखळी कोणती मानायची, याचा नियम मात्र अलीकडे बदलला. पूर्वी दुहेरी बंध सामावणारी साखळीच निवडत. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींनुसार आधी लांबी पाहिली जाते, मग तो बंध साखळीबाहेर राहिला तरी हरकत नाही. त्यामुळे ज्या रेणूला २-इथाइलपेंट-१-ईन म्हणत, त्याचे पसंतीचे नाव आता ३-मिथिलिडीनहेक्सेन आहे. अनेक पाठ्यपुस्तकांत जुनीच पद्धत आढळत असल्याने, उत्तर तपासताना कोणता नियम धरला आहे हे आधी पाहणे इष्ट.