नेटवर्क ड्रायव्हरची सेटिंग कुठून करायची: चाळीस वर्षांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुठल्याही डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये डोकावा, नेटवर्किंगचं पहिलं प्रॅक्टिकल अजून आयएफकॉन्फिग या, नेटवर्क कार्डाचं सेटिंग दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या कमांडनेच सुरू होतं. जर्नलात कमांड असते, आउटपुट असतं, खाली सरांची सही असते. मशीनवर ताजं डेबियन लिनक्स असेल तर मात्र उत्तर येतं 'कमांड नॉट फाउंड'. रेड हॅटने २०१४ च्या सातव्या आवृत्तीत ही टूल्स जुनी ठरवली, डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून ती आपणहून बसवणं बंद केलं. पोरं ही कमांड ज्यात येते ते नेट-टूल्स पॅकेज टाकतात आणि पुढे जातात. पण ही कमांड मागे का पडली ते समजायला जरा खाली, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये उतरावं लागतं. कार्डाचं सेटिंग ते कार्ड चालवणाऱ्या कोडपर्यंत, म्हणजे ड्रायव्हरपर्यंत कुठल्या वाटेने न्यायचं, यावरून तिथे बराच काळ रस्सीखेच झाली.

सुरुवात १९८३ ची. ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीसोबत आयएफकॉन्फिग आलं. कर्नलशी बोलायला त्याच्याकडे आयऑक्टल नावाचा सिस्टीम कॉल होता: एक नंबर द्यायचा, सोबत ठरलेल्या मापाचं स्ट्रक्चर द्यायचं. पत्ता बदलायचाय की एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप), हे कर्नल नंबरावरून ओळखणार. त्या स्ट्रक्चरमध्ये इंटरफेसच्या नावाला १६ बाइट होते, त्यातला एक शेवटच्या शून्याला. लिनक्सने हेच माप उचललं, म्हणून आजही तिथे इंटरफेसचं नाव १५ अक्षरांपुढे जात नाही. २०२० च्या ५.५ कर्नलपासून लांब पर्यायी नाव जोडता येतं, पण मूळ नावाची मर्यादा तीच. शिवाय हे स्ट्रक्चर ३२ बिट मशीनवर ३२ बाइटचं आणि ६४ बिटवर ४० बाइटचं. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालावा म्हणून मध्ये दुभाषा कोड ठेवावा लागला, आणि तो सांभाळायला कुणीच हौसेने पुढे येत नाही.

पत्ता आणि एमटीयू ही सगळ्या कार्डांना समान गोष्ट. भानगड झाली ती हार्डवेअरच्या सेटिंगवरून. वेग, डुप्लेक्स (दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचं ते फुल, आळीपाळीने ते हाफ), बफर, इंटरप्ट (कार्डाची प्रोसेसरला हाक) किती वेळाने द्यायचा, यासाठी सुरुवातीला समाईक दार नव्हतंच. लिनक्सने १६ आयऑक्टल नंबर खासगी म्हणून ड्रायव्हरवाल्यांसाठी मोकळे सोडले होते, आणि ज्याने त्याने त्यांचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. दुसरी वाट मॉड्यूल पॅरामीटरची: ड्रायव्हर लोड करतानाच आकडे द्यायचे. नासाच्या गोडार्ड केंद्रात असलेल्या डोनाल्ड बेकर यांनी नव्वदच्या दशकात लिनक्ससाठी कितीतरी इथरनेट ड्रायव्हर लिहिले, आणि ही वाट त्यांनी भरपूर वापरली. थ्रीकॉमच्या कार्डाला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स हवं असेल तर 'ऑप्शन्स' मध्ये ४ लिहायचं आणि फुल डुप्लेक्सचा वेगळा १ द्यायचा. रिअलटेक ८१३९ च्या ड्रायव्हरला तेच सांगायला 'मीडिया' मध्ये हेक्स ३०. मागणी तीच, पण प्रत्येक ड्रायव्हरची बोली निराळी. त्यात एकाहून जास्त कार्डं असतील तर आकडे स्वल्पविराम देऊन ओळीने लिहायचे. पहिला आकडा मशीनला जे कार्ड आधी सापडेल त्याला.

याचा चटका शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या सर्व्हरवर बघितलाय. कार्ड १०० फुलवर बांधून ठेवलेलं होतं. त्यात दुसरं कार्ड बसवलं, सापडण्याचा क्रम उलटा झाला आणि सक्तीचं सेटिंग नव्या कार्डावर जाऊन बसलं. त्याच्या समोरचा स्विच ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाटी करून वेग आणि डुप्लेक्स ठरवणारा. समोरचा वाटाघाटी करत नसेल तर ऑटोवरच्या बाजूला सिग्नलवरून वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही. नियमाप्रमाणे ती हाफ धरते. पिंग एकदम ओके, आणि पॅटर्नच्या ड्रॉइंगची मोठी फाइल कॉपीला लावली की मुंगीच्या पावलाने. लेट कोलिजनचा, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरींचा काउंटर मात्र पळतोय. केबल बदला, स्विच बदला, सगळे उपद्व्याप झाले. पॅरामीटरच्या ओळीतल्या क्रमाकडे सगळ्यात शेवटी लक्ष गेलं. आणि ती ओळ दुरुस्त करायची तर ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवायचा, म्हणजे तेवढा वेळ सगळं ऑफिस बंद.

या गोंधळावर पहिला खरा उतारा ईथटूल. डेव्हिड मिलर यांनी १९९८ च्या सुमारास ते लिहिलं, मूळ सन कंपनीच्या स्पार्क मशीनच्या कार्डासाठी. खाली वाट आयऑक्टलचीच, पण आता शब्द कर्नलने ठरवले आणि ड्रायव्हरने फक्त त्यांची उत्तरं द्यायची. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला निर्णायक टप्पा हाच. पुढचं बरंचसं काम म्हणजे हेच शब्द कुठल्या वाटेने न्यायचे, एवढंच. अडचण स्ट्रक्चरच्या ठरीव मापाची होती. वेगाला १६ बिट, म्हणजे फार तर ६५,५३५ एमबीपीएस. १०० गिगाबिटची कार्डं येणार तर १,००,००० लिहायचे कुठे? मग वेगाचा वरचा अर्धा भाग ठेवायला त्याच स्ट्रक्चरमध्ये दुसरा रकाना काढला. पुढे लिंकचे प्रकार मांडायला दिलेले ३२ बिटही संपले आणि २०१६ च्या ४.६ कर्नलमध्ये नवा कॉल आणावा लागला. जुना काढून टाकता येत नव्हता. वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा लिनक्सचा दंडक आहे.

दरम्यान दुसरी वाट तयार होत होती. अलेक्सी कुझ्नेत्सोव यांच्या हातून घडलेलं नेटलिंक आणि आयपी ही कमांड जानेवारी १९९९ च्या २.२ कर्नलसोबत रुळली. इथे ठरीव स्ट्रक्चरऐवजी संदेश जातो, आणि संदेशात सुटे सुटे तुकडे: प्रत्येकावर लांबीचे २ बाइट, प्रकाराचे २ बाइट, मग मजकूर. नवा तुकडा जोडला तरी जुना प्रोग्रॅम त्याला वगळून पुढे वाचतो. त्याहून मोठी सोय म्हणजे कर्नल आपणहून बोलतं. केबल निघाली की ऐकत बसलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला निरोप जातो. आयऑक्टलमध्ये दर सेकंदाला विचारत बसावं लागायचं.

मग सगळे लगेच तिकडे का वळले नाहीत? कारण २००३ च्या डिसेंबरात २.६ कर्नल आलं आणि त्यासोबत सिसएफएस, म्हणजे कर्नलची सेटिंग फाइलांच्या रूपात मांडणारी सोय. प्रत्येक सेटिंगची एक फाइल. एको कमांडने त्यात ९००० लिहिलं की एमटीयू बदलला. शेल स्क्रिप्टवाल्यांची चंगळ. पण एका फाइलमध्ये एकच किंमत, त्यामुळे चार गोष्टी एकदम बदलायच्या तर मधल्या मधे अर्धवट अवस्था उरते, आणि नेमकं काय चुकलं ते सांगायला एका एरर नंबरपलीकडे जागा नाही. वाचायला झकास, बदलायला तोकडं.

वायफायनेही हाच प्रवास केला: वायरलेस एक्स्टेन्शन्सच्या आयऑक्टलवरून एनएल८०२११ या नेटलिंकवर.

बीएसडीवाल्यांनी मात्र आयएफकॉन्फिग सोडलं नाही. त्यांच्याकडे कर्नल आणि टूल एकाच घरातून, एकत्र बाहेर पडतात, त्यामुळे स्ट्रक्चर बदललं तर टूलही सोबत बदलता येतं. लिनक्समध्ये कर्नल एकाचं, टूल दुसऱ्याचं, डिस्ट्रो, म्हणजे हे सगळं एकत्र बांधून देणारा संच, तिसऱ्याचा. फ्रीबीएसडीनेही २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपर्यंत नेटलिंक घेतलंच, पण आयएफकॉन्फिग काढलं नाही.

अलीकडचं थोडक्यात. एका चिपवर अनेक पोर्ट आले तेव्हा 'हे सेटिंग कुठल्या इंटरफेसचं?' याला उत्तरच उरलं नाही. १०० गिगाबिटचा पोर्ट चार २५ च्या पोर्टांत फोडायचा, तर तो हुकूम चिपला द्यायला हवा. त्यासाठी यिरी पिर्को यांचं डेव्हलिंक २०१६ मध्ये आलं. मिखाल कुबेचेक यांनी २०२० च्या ५.६ कर्नलमध्ये ईथटूललाही नेटलिंकवर आणलं. २०२३ च्या ६.३ पासून संदेशांचं वर्णन यॅमल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिण्याची सोय झाली, म्हणजे सी मधला वाचणारा कोड त्यावरून आपोआप निघतो आणि पायथन ती फाइल थेट वाचून काम करतं.

फायनल इयरला ड्रायव्हर लिहायला घेणारी पोरं कोल्हापुरातही आहेत. त्यांच्यासाठी आजची वाटणी अशी: पत्ता, व्हीलॅन (एका नेटवर्कचे आभासी भाग), ब्रिज (इंटरफेस जोडणारा आभासी स्विच) हे रूटिंगच्या नेटलिंकमध्ये, वेग, रिंगचा (पॅकेटच्या रांगेचा) आकार, इंटरप्टचं अंतर ईथटूलमध्ये, अख्ख्या चिपचं ते डेव्हलिंकमध्ये. स्वतःला तपासायला काही हवं असेल तर डीबगएफएस (फक्त चुका शोधण्यासाठीच्या फाइलांची जागा), पण त्यावर दुसऱ्या कुणी विसंबायचं नाही. आणि मॉड्यूल पॅरामीटर घेऊन नवा नेटवर्क ड्रायव्हर पाठवला तर तपासणारे पहिल्याच उत्तरात तो काढायला लावतात. जुन्या ड्रायव्हरांतले पॅरामीटर मात्र तसेच आहेत. ८१३९ चा 'मीडिया' अजून कोडमध्ये सापडतो.