सराव एका पायाचा, तोल दोन्ही पायांचा

अनवाणी एका पायावर उभे राहा आणि खाली पावलाकडे नीट बघा. पाऊल टेकलेले असले तरी ते स्वस्थ नसते. अंगठा जमीन धरतो, सोडतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायूबंध ताणतात, सैल पडतात. वजन कधी टाचेवर, कधी बाहेरच्या कडेवर जाते. आता डोळे मिटा, म्हणजे ही धडपड एकदम वाढेल. कारण नजरेचा आधार गेला की तोलाची मुख्य भिस्त आतल्या कानावर आणि स्नायू-सांध्यांतल्या संवेदकांवर येते.

हा सराव काही आठवडे फक्त उजव्या पायाने केला, तर उजवा पाय स्थिरावणारच. पण न शिकवलेला डावा पायही सुधारतो!

हाताच्या बाबतीत हे फार पूर्वी लक्षात आले होते. बारीक छिद्राच्या कडेला न लागता सुई आत धरायची, असा सराव १८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एकाच हाताने करून घेतला गेला, आणि दुसरा हातही कमी थरथरू लागला. पायाचा पुरावा १९८८ मध्ये स्वीडनमधून आला. वारंवार पाय मुरगळणाऱ्यांनी कमजोर पायाने डगमगत्या तबकडीवर उभे राहण्याचा सराव केला, तेव्हा दोन्ही पायांवरचा तोल सुधारला. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात उलट केले: चार आठवडे फक्त धडधाकट पायाला सराव दिला, तरी दुखऱ्या पायाला फायदा झाला.

डाव्या पायाचे स्नायू यात वाढत नाहीत. बदलते ती मज्जासंस्था. तोल जाऊ लागला की मज्जारज्जूतून आपोआप येणाऱ्या प्रतिक्षेपांना सरावाने आवर बसतो आणि मेंदूचा ताबा वाढतो. शिवाय एका पायावर उभे राहताना कंबर, पाठ, वर उचललेला पायसुद्धा कामाला लागलेला असतो, त्यामुळे शिकणारा एकटा उजवा पाय नसतोच.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, हे कौशल्य दुसऱ्या पायात उतरते, पण दुसऱ्या कसरतीत फारसे उतरत नाही. तोलाच्या सरावावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये निघाला, त्यात निरोगी माणसे ज्या कसरतीचा सराव करतात त्यातच प्रामुख्याने सुधारतात, असे दिसले. तबकडीवर तरबेज झालेला माणूस दोरीवर चालेल असे नाही. म्हणून वृक्षासन, लंगडी, पायरीवर एका पायाने चढणे असे प्रकार आलटून पालटून करणे मला योग्य वाटते.

पाय प्लास्टरमध्ये असलेल्यांना याचा खरा उपयोग आहे. फिजिओथेरपिस्टला विचारून, ओट्याला किंवा भिंतीला हात लावून, चांगल्या पायाचा सराव तेव्हाच सुरू करता येतो. प्लास्टर निघाल्यावर मात्र दुखऱ्या पायाला त्याचा स्वतःचा व्यायाम द्यावाच लागतो. बारीक झालेली पोटरी शेजारच्या पायाच्या मेहनतीने भरून येत नाही.