काळी स्लाइड आणि टीव्हीचा रिमोट

कपाटाच्या तळातून जुन्या स्लाइडचा, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेल्या फोटोच्या पारदर्शक फिल्मचा, डबा निघाला की पहिली आठवण होते ती घरातल्या स्कॅनरची. कागद स्कॅन होतात, मग स्लाइड का नाही? मीही काचेवर ठेवून पाहिली. पडद्यावर एक काळपट चौकोन उमटला. होणारच. कागदावरून प्रकाश परततो, स्लाइडमधून तो आरपार जावा लागतो, म्हणून दिवा पाठीमागून हवा. तेव्हा झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, नाहीतर खास फिल्मसाठी बनवलेला छोटा स्कॅनर, यांतलंच काहीतरी घ्यावं लागतं.

दुकानात गेलात की डीपीआयचे, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचे, आकडे तोंडावर फेकले जातात. ३५ मिमी स्लाइडवरचं चित्र ३६ बाय २४ मिमीचं. २४०० डीपीआयने ते खरोखर टिपलं गेलं तर ७७ लाख पिक्सेल मिळतात, ए४ आकाराच्या छापील फोटोला तेवढे पुरतात. खोक्यावर ६४०० लिहिलेल्या बऱ्याच फ्लॅटबेडचं भिंग त्याच्या निम्मा तपशीलही टिपत नाही. फाइल मात्र फुगते.

मी विक्रेत्याला एकच विचारतो: इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, आहे का?

याची गंमत घरीच बघता येते. डब्यात एखादी रंगीत फिल्मची पूर्ण काळी स्लाइड असतेच, भिंगावरचं झाकण काढायचं राहून गेलेली. ती टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाशी धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना त्या स्लाइडमधून काही दिसत नाही, टीव्ही मात्र चालू होतो! रिमोटचा अवरक्त प्रकाश त्या काळोखातून सरळ निघून जातो.

कारण तो काळेपणा काजळीचा नसतो. निळसर, किरमिजी आणि पिवळा असे रंगद्रव्यांचे तीन थर एकावर एक येऊन तो बनतो. रंगद्रव्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो तेव्हा प्रकाश शोषला जातो, आणि त्या उडीला ठरावीक ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनकडे ती असते. ९०० नॅनोमीटरच्या आसपासच्या फोटॉनकडे जेमतेम १.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, तेवढ्यात उडी होत नाही, म्हणून फोटॉन न अडता पुढे जातो. धुळीचा कण, केस, बुरशीचा धागा मात्र त्याला अडवतात, आणि ओरखडा त्याला वाकडा फेकतो.

स्कॅनर मग लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथं, अवरक्त चित्र घेतो. या चौथ्या चित्रात आजोबा नाहीत, समुद्र नाही, आहे फक्त पांढऱ्या पाटीवरचा कचरा. दोष नेमका कुठे आहे हे कळलं की सॉफ्टवेअर तेवढीच जागा शेजारच्या पिक्सेलवरून भरून काढतं. एआयने फोटो 'नवा' करून देणारी ॲप याच्या पुढची म्हणून विकली जातात. ती मोजत नाहीत, अंदाज बांधतात, आणि कधीकधी आजीला दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवतात.

हे तंत्र दोन ठिकाणी फसतं. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि धातू अवरक्तालाही अडवतो. मग स्कॅनरला अख्खा फोटोच धूळ वाटतो. दुसरं ठिकाण म्हणजे कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म. १९३५ साली आलेल्या या फिल्मचं निळसर रंगद्रव्य थोडा अवरक्त प्रकाश शोषतं, त्यामुळे गडद भागातले बारकावे पुसले जाऊ शकतात. बऱ्याचदा चौकटीवरच 'कोडॅक्रोम' छापलेलं असतं. नसलं तर स्लाइडची कमी चकाकणारी बाजू तिरप्या उजेडात धरा. चित्राच्या कडा कोरल्यासारख्या उठून दिसल्या तर ती स्लाइड वेगळी काढा, इन्फ्रारेड बंद ठेवा आणि ब्लोअरने हवा मारून हातानेच साफ करा.