बैल बांधाचे रायले

दिवेलागण झाली की आबाजी बाजेवरून उठतात, फाटकापाशी जाऊन कडी खडखडवतात. "बैल बांधाचे रायले!" जोडी विकून बारा वर्षं झाली. सून समजावते, "मामाजी, बैल कुठं आहेत आता?" ते तिचा हात झटकतात, कधी अंगावर धावून जातात. गावात कोणी याला म्हातारचळ म्हणतं, कोणी बाहेरचं लागलं म्हणतं.

हा डिमेन्शिया, स्मृतिभ्रंश. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना तो आहे. शहरांत 5.3 टक्के, खेड्यांत 8.4. म्हणजे हा काही नागपूर-पुण्याच्या फ्लॅटमधला आजार नव्हे.

नेमकी संध्याकाळच का बिघडते? दिवसरात्रीचा हिशेब ठेवणारं एक इवलंसं घड्याळ मेंदूत असतं, या आजारात तेही खिळखिळं होतं. त्यात दिवसभराचा थकवा, ओसरीवरच्या लांब सावल्या, आणि कधी कधी गेलेली वीज.

अशा वेळी शांत करणारी गोळी मागावीशी वाटते. पण मनोविकारावरच्या काही औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला. म्हणून डॉक्टर ती जपून देतात. चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

त्याआधी दुखणं शोधावं. नॉर्वेतल्या 18 वृद्धसेवा केंद्रांत 352 जणांवर एक प्रयोग झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेवर पायरीपायरीने उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल दिलं. आठ आठवड्यांत अस्वस्थता सरासरी 17 टक्क्यांनी उतरली. कुठं दुखतं ते माणसाला सांगता येत नाही, मग ते दुखणं रागाच्या वाटेनं बाहेर पडतं. आबाजींचं दुखणं गुडघ्यात निघालं. बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, तहान हेही असंच लपून बसतं. आमच्या उन्हाळ्यात तर तहान आधी बघावी.

औषधाविना करायच्या उपायांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो स्पर्श. 163 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या आढाव्यात मालिश आणि स्पर्श नेहमीच्या देखभालीपेक्षा सरस ठरले, संगीताच्या जोडीनेही. आपल्याकडे काशाची वाटी आहेच. तिच्यावर कोणी प्रयोग केला म्हणून नव्हे, पण तळपायाला तेल लावून पंधरा मिनिटं घासायला कोणाची परवानगी लागत नाही. समोरून, नाव घेऊन, हात दाखवून मग हात लावायचा. मागून अचानक धरलं की ते दचकतात.

एकट्या संगीताचा पुरावा मात्र मिश्र आहे. उदास मनाला त्याची मदत होते, धुसफूस कमी होईलच असं नाही. तरी डिमेन्शियाच्या अल्झायमर या प्रकारात जुन्या ओळखीच्या गाण्यांशी जोडलेले मेंदूचे काही भाग बरेच टिकून राहतात, असं 2015 च्या एका अभ्यासात दिसलं. गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होत असेल, तर खंजिरीच्या तालाजवळ त्यांना बसवून पाहायला काय हरकत आहे? गर्दीनं बिथरले तर लगेच उठवावं.

सुगंधी तेलांचं मात्र फार कौतुक करू नये. 2002 मध्ये एका वनस्पतीच्या तेलानं चांगला फरक पडल्याचं दिसलं होतं. पुढच्या अधिक कडक प्रयोगात साध्या तेलाच्या गटातही तेवढाच फरक पडला. कमाल वासाची नसून रोज हात चोळणाऱ्या माणसाची असावी, असा माझा अंदाज. शिवाय या आजारात वास ओळखण्याची शक्तीच लवकर मंदावते. महागडी बाटली घेण्यापेक्षा घरचं जवसाचं तेल परवडलं.

हातांची सवय फार उशिरा विसरते. शेतातला माल काढणं, वाती वळणं, तूर निवडणं हे मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतं. म्हणून सुनेनं वाद घालणं सोडलं. गुडघ्याची गोळी डॉक्टरांनी सांगितल्या वेळी देते, आणि सांज होण्याआधी अंबाडी पुढ्यात ठेवते. "मामाजी, दावं जुनं झालं. नवं वळून द्या, मंग बांधू बैल." आबाजी मांडीवर अंबाडी ओढून घेतात आणि दोर वळू लागतात. मधेच विचारतात, "ढवळा आला का?" "येते म्हणे," ती म्हणते.