न्यूट्रल पडत नाही म्हणून क्लच प्लेटा बदलू नका

कोल्हापुरात दसरा चौकाच्या सिग्नलला मोटरसायकल न्यूट्रलला पडत नाही, क्लच पूर्ण दाबला तरी पुढे ओढते, अशी तक्रार सांगताच ‘क्लच प्लेटा गेल्या’ हे निदान बहुधा गाडी स्टँडवर लागण्याआधीच ऐकायला मिळते. वस्तुतः झिजून पातळ झालेल्या प्लेटा घसरतात. पन्हाळ्याच्या चढाला इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, ते त्यांचे लक्षण. न सुटणारा क्लच, म्हणजे दाबूनही प्लेटा विलग न होणे, हा नेमका उलटा दोष आहे.

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजत असतो. घर्षणाच्या प्लेटा हाउसिंगबरोबर (प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याबरोबर), म्हणजे इंजिनाच्या बाजूने फिरतात आणि त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटा गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेल्या असतात. लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब निघतो खरा, पण मिळणारी एक-दोन मिलिमीटरची मोकळीक दहाएक पृष्ठभागांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्येक फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच उरते. त्या फटीतले तेल फिरत्या प्लेटेची गती शेजारच्या प्लेटेला देत राहते, आणि तेल जितके दाट तितकी ही ओढ जास्त. १०डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल १०० अंश सेल्सिअसला असते त्याच्या दहापटींहून अधिक दाट २० अंशांना असते. थंडीतल्या सकाळी पहिला गिअर टाकताना ‘खट्’ होते ते यामुळेच, आणि थोडेसे ‘खट्’ हा दोष नव्हे.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की गोष्ट आणखी पुढे जाते. स्प्रिंगांच्या दाबाने फटीतले तेल पिळून निघते आणि प्लेटा ओल्या काचांसारख्या एकमेकींना धरून बसतात. त्या विलग व्हायच्या तर कडेने तेल आत शिरावे लागते, आणि अरुंद फटीतून ते सहजी शिरत नाही. उष्णता-प्रारणाच्या नियमामुळे परिचित असलेल्या जोसेफ स्टीफन यांनी १८७४ मध्ये हे गणित मांडले: ठरावीक वेगाने दोन चकत्या विलग करण्यास लागणारे बल फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. फट निम्मी झाली की बल आठपट लागते. हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा या घनावर काही परिणाम होत नाही, आणि ‘क्लच मऊ करणाऱ्या’ बाटलीतल्या औषधाने झालाच तर प्लेटा घसरण्याचा नवा दोष पदरी पडतो.

अशा वेळी इंजिन बंद ठेवून वरचा गिअर टाकावा, क्लच दाबून धरावा आणि गाडी मागे-पुढे हलवावी, प्लेटा सुटतात.

इंजिन गरम झाल्यावरही ओढ राहत असेल, तर आधी इंजिन बंद करून न्यूट्रल पडते का ते पाहावे. बंद असतानाही पडत नसेल तर दोष गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत शोधावा. बंद असताना सहज पडत असेल तर क्लच सुटत नाही हे नक्की, आणि मग पहिली तपासणी केबलची. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिलाई हवी. त्याहून जास्त असेल तर लिव्हरची बरीचशी ओढ प्लेटांपर्यंत पोहोचतच नाही. ऑइल पुस्तिकेतल्याच ग्रेडचे आणि जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीचे जपानी मानक) शिक्क्याचे असावे.

एवढ्यानेही भागले नाही तरच कव्हर उघडावे. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगच्या बोटांवर घर्षण-प्लेटांचे कान आपटून खाचा पडतात आणि प्लेटा त्यांत अडकून सरकत नाहीत. नखाला जेमतेम लागणाऱ्या खाचा बारीक कानशीने सपाट होतात. खोल असतील तर हाउसिंगच बदलावे लागते, कारण उद्यमनगरातला कितीही कसबी कारागीर झाला तरी कानशीने गेलेला धातू परत आणू शकत नाही. पोलादी प्लेटा जाड काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावे, आणि नव्या घर्षण-प्लेटा घालाव्याच लागल्या तर त्या आधी ऑइलमध्ये भिजवून घ्याव्यात.