मार्चमधली जागा आणि उन्हाळ्यातले करार

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिल्या श्रेणीचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि हंगामाअखेर मार्चमध्ये होणाऱ्या एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत २०२५ साली जागा होत्या फक्त ६८. त्यातल्या ३१ जागा आपापल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद मिळवणाऱ्यांना थेट मिळाल्या. उरलेल्या ३७ संघांची नावं एका समितीने बंद खोलीत बसून ठरवली. या ३७ जागांसाठी दरवर्षी होणारी हमरीतुमरी समजून घ्यायची तर आधी वेळापत्रक समजून घ्यावं लागतं.

एका संघाचे हंगामात तीसेक सामने होतात. त्यातले अठरा ते वीस कॉन्फरन्स ठरवते. बाकीचे दहा-बारा कोणाशी, कोणाच्या मैदानावर आणि किती पैशांत खेळायचे, हे कॉलेजच ठरवतं. आपल्याकडे रणजीचं वेळापत्रक बीसीसीआय आखून देते. इथे मात्र प्रशिक्षक आणि त्याचे सहायक उन्हाळ्यात फोनाफोनी करून प्रतिस्पर्धी मिळवतात. मोठी विद्यापीठं लहान कॉलेजांना पैसे देऊन आपल्या घरच्या मैदानावर बोलावतात. परतफेडीचा सामना नसतो. लहान कॉलेजाच्या क्रीडा विभागाचा खर्च बऱ्याच अंशी अशा सामन्यांतून निघतो, म्हणून ते जातात, बहुतेकदा हरतात आणि चेक घेऊन परततात.

सुरुवातीला या सगळ्याला फारसं महत्त्व नव्हतं. १९३९ च्या पहिल्या एनसीएए स्पर्धेत आठच संघ होते. तिच्या एक वर्ष आधी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुरू झालेल्या एनआयटी स्पर्धेचा मानही पुढे बराच काळ मोठा होता. १९७० मध्ये मार्क्वेट विद्यापीठाचे प्रशिक्षक अल मॅग्वायर यांनी आपल्याला दूरच्या विभागात टाकलं म्हणून एनसीएएचं आमंत्रण नाकारलं आणि एनआयटी खेळून ती जिंकून दाखवली. आज कुठलाही प्रशिक्षक असा विचारही करणार नाही.

चित्र पालटलं ते ९ मार्च १९७४ ला, ग्रीन्सबरोमध्ये. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या (एसीसी) अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. तेव्हा एका कॉन्फरन्समधून एकच संघ पुढे जात असे. देशातल्या पहिल्या पाचांत असलेलं मेरीलँड घरी बसलं आणि त्यांना हरवणारा संघ त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही दार उघडलं. १९८० मध्ये तीही मर्यादा गेली. १९८५ पासून ६४ संघ आले.

दार उघडलं तसा प्रश्न आला: कोणाला आत घ्यायचं? वेगवेगळ्या कॉन्फरन्समधले, एकमेकांशी कधीच न खेळलेले संघ तोलायचे कसे? १९८१ मध्ये त्यासाठी आरपीआय नावाचं सूत्र आलं. त्यात संघाच्या स्वतःच्या जय-पराजयाला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के. म्हणजे पाऊण हिस्सा तुम्ही कोणाशी खेळलात यावर. तळाच्या संघाला चाळीस गुणांनी धुतलं तरी आरपीआय खाली येऊ शकत असे. वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे पटकन ओळखलं. हुशार कॉलेजं तळाचे संघ टाळून छोट्या कॉन्फरन्समधला असा संघ शोधू लागली, जो आपल्याकडून हरेल पण पुढे स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये भरपूर जिंकेल. खालच्या श्रेणीच्या कॉलेजाशी खेळलेला सामना या हिशोबात धरलाच जात नसे, त्यामुळे सोपा विजय हवा असेल तर तीही एक पळवाट होती. २००४-०५ पासून परक्या मैदानावरच्या विजयाला १.४ आणि घरच्या विजयाला ०.६ असं वजन दिलं गेलं. पण मोठ्या संघांनी घरचं मैदान सोडावं, एवढी ताकद त्या आकड्यांत नव्हती.

वेळापत्रकाचा हा धडा सर्वांत नीट गिरवला तो साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने. २०१२ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्यातल्याच केंटकीचं. पण २०१३ मध्ये अख्ख्या कॉन्फरन्समधून तीनच संघ निवडले गेले. केंटकीची रवानगी एव्हाना दुय्यम ठरलेल्या एनआयटीत झाली आणि तिथे ते रॉबर्ट मॉरिसकडून पहिल्याच फेरीत हरले. त्या वर्षी आयुक्त माइक स्लाइव्ह यांनी फर्मान काढलं: प्रत्येक विद्यापीठाने कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांचं वेळापत्रक आधी कॉन्फरन्सच्या कार्यालयाला दाखवायचं. यामागचा हिशोब सरळ आहे. एका सदस्याने नोव्हेंबरात कमकुवत संघ बोलावले की त्याचा आरपीआय खाली जातो आणि जानेवारीत त्याच्याशी खेळणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला तो खाली ओढतो. तरीही २०१६ मध्ये पुन्हा तीनच संघ. मग त्यांनी निवड समितीचं अध्यक्षपद भूषवलेले माइक ट्रँगीझ यांनाच सल्लागार नेमलं. २०१८ मध्ये आठ संघ गेले.

त्याच वर्षी आरपीआय निवृत्त झाला आणि त्याच्या जागी नेट नावाचं नवं सूत्र आलं. नेटमध्ये चेंडू ताब्यात आल्यावर दर खेपेमागे किती गुण केले आणि प्रतिस्पर्ध्याला किती दिले, याचा हिशोब असतो. म्हणजे दुबळ्या संघाविरुद्धचा मोठा विजय आता पूर्वीसारखा नुकसानीचा उरला नाही. निकालांची चार गटांत वाटणी त्याच्या आदल्या हंगामापासूनच सुरू झाली होती. पहिल्या गटात मोडायला घरच्या मैदानावरचा प्रतिस्पर्धी नेटच्या क्रमवारीत पहिल्या ३० मध्ये हवा, तटस्थ मैदानावरचा पहिल्या ५० मध्ये आणि परक्या मैदानावरचा पहिल्या ७५ मध्ये.

माझ्या मते लहान संघांची खरी कोंडी इथे झाली. ताकदवान कॉन्फरन्समधल्या संघाला पहिल्या गटाचे दहा-बारा सामने आपोआप मिळतात. छोट्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघाला ते बाहेर शोधावे लागतात, आणि त्याच्या मैदानावर यायला कोणी तयार नसतं. हरलो तर नाचक्की, मग कोण जाईल? मॉनमथने २०१५-१६ मध्ये यूसीएलए आणि जॉर्जटाउनला त्यांच्या घरी हरवलं, नोत्र दाम आणि यूएससीलाही हरवलं, २७ सामने जिंकले, तरी कमकुवत संघांविरुद्धच्या तीन पराभवांनी त्यांना बाहेर ठेवलं. २०२४ मध्ये इंडियाना स्टेट नेटच्या पहिल्या तिसांत होतं, २८ विजय होते, तरी नाव आलं नाही. त्याउलट २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना पहिल्या गटात १३ पैकी एकच सामना जिंकून आत गेलं. त्यांच्या वेळापत्रकात ऑबर्न, फ्लोरिडा, अलाबामा, कॅन्सस, मिशिगन स्टेट होते हे खरं. पण अशा संघांशी खेळायची संधी मिळणं हाच मुळात मोठ्या नावाचा फायदा आहे, आणि तो गुणवत्ता म्हणून मोजला जातो हे मला पटत नाही.

त्याच २०२५ मध्ये एसईसीचे विक्रमी १४ संघ निवडले गेले. त्याआधी डिसेंबरमध्ये एसीसीविरुद्धच्या मालिकेत त्यांनी १६ पैकी १४ सामने जिंकले होते. एवढं झाल्यावर जानेवारीपासून आपसातला जवळजवळ प्रत्येक सामना मोलाचा ठरला आणि पराभवाची झळ कमी झाली. टेक्सास कॉन्फरन्समध्ये ६ जिंकून १२ हरलं, तरी स्पर्धेत होतं. अखेर विजेतेपदही एसईसीच्याच फ्लोरिडाने मिळवलं.

२०२४-२५ पासून समितीपुढे ‘वॅब’ हा आकडाही आला आहे. तुमच्या जागी निवडीच्या उंबरठ्यावरचा एखादा संघ हेच सामने खेळला असता तर त्याने किती जिंकले असते, त्याहून तुम्ही किती अधिक जिंकलात, हे तो सांगतो. गुणांच्या फरकाने नव्हे, विजयाने मोजणारा म्हणून तो लहान संघांना अधिक न्याय देतो. मात्र सामनेच मिळाले नाहीत तर तोही फार काही करू शकत नाही. आणि सामने आणखी दुर्मीळ होत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून लास व्हेगासमध्ये प्लेयर्स एरा ही स्पर्धा भरते. तिथे येणाऱ्या प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी किमान दहा लाख डॉलर ठेवलेले असतात. पूर्वी एखाद्या मॉनमथला मिळू शकणाऱ्या या स्पर्धेच्या आठवड्यातल्या तारखा आता मोठे संघ एकमेकांतच वाटून घेतात.