झुरळाला मेंदू नसतो?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘झुरळाला मेंदू नसतो, म्हणून मुंडकं तुटलं तरी ते आठवडाभर जगतं.’

मुंडक्याशिवाय काही दिवस, क्वचित काही आठवडे जगतं, हे खरं. निष्कर्ष मात्र चुकीचा. झुरळ नाकाने श्वास घेत नाही. अंगाच्या दोन्ही कडांना श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. रक्ताचा दाब अगदी कमी, त्यामुळे मान तुटली तरी रक्त वाहून जात नाही. चालणं-पळणं छाती-पोटातल्या मज्जागाठी, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, सांभाळतात. शेवटी ते मरतं ते पाणी-अन्न न मिळाल्याने.

आणि मेंदू? तो डोक्यातच असतो, छोटासा पण कामाचा. १९८९ मध्ये एका जातीच्या झुरळाच्या मेंदूतून ‘अ‍ॅलाटोस्टॅटिन’ नावाचे संदेशवाहक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, वेगळे केले गेले. ते वाढ आणि प्रजननाशी निगडित एका हार्मोनला लगाम घालतात. गंमत अशी, की हेच पेप्टाइड नंतर आतड्याच्या पेशींतही सापडले, आणि तिथे ते आतड्याची हालचाल मंद करतात! आपल्या शरीरातही मेंदू आणि आतडं असे काही पेप्टाइड वाटून घेतात.

पडताळायचंय? मेलेलं झुरळ उलटं करून भिंगाने कडांची छिद्रं शोधा. जिवंत झुरळाच्या शेपटाकडच्या दोन टोकांवर हलकी फुंकर मारा. ते पळेल: हा इशारा मेंदूची वाट न पाहता थेट पोटातल्या गाठीतून पायांकडे जातो. मुंडकं तोडून बघायची गरज नाही.